स्थळ चांगलं आहे, पण छाती धडधडते ती दुसऱ्यासाठी

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून दिलेला सारांश): नाशिकला नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय २९. घरी दोन वर्षांपासून स्थळं बघणं चालू आहे. अलीकडच्या एका स्थळाशी तीनदा भेट झाली. मुलगा समंजस आहे, मोकळेपणाने बोलतो, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो. त्याच्यासोबत वेळ बरा जातो, पण ‘आतून काही होत नाही’. दुसरीकडे कॉलेजपासूनचा एक मित्र आहे. तो आठ-दहा दिवस रात्री एक-एक वाजेपर्यंत चॅट करतो आणि मग दोन-तीन आठवडे गायब होतो. विषय काढला की ‘सध्या काही ठरवायच्या मनःस्थितीत नाही’ म्हणतो. तरी त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की छाती धडधडते, भूक मरते, कामात लक्ष लागत नाही. स्थळ आल्यापासून हे जास्तच वाढलं आहे. आई म्हणते, ‘लग्न झालं की प्रेम आपोआप होतं.’ मैत्रीण म्हणते, ‘स्पार्क नसेल तर अजिबात हो म्हणू नकोस.’ मुलाकडच्यांना महिनाभरात उत्तर हवं आहे. त्या विचारतात: ज्याच्यासाठी धडधडतं तेच खरं प्रेम ना? मग या मुलाला होकार देणं ही फसवणूक नाही का?

उत्तर:

तुम्ही दोघांनाही एकाच कसोटीवर तपासताय: धडधडतं की नाही. या कसोटीतून नेमकं काय कळतं, ते आधी पाहू. तुमची अर्धी कोंडी मला तिथेच दिसते.

तुमची धडधड खरी आहे, याबद्दल शंका नको. २००५ साली अमेरिकेत आर्थर ॲरन, हेलन फिशर, ल्युसी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात आकंठ बुडालेल्या १७ जणांच्या मेंदूचे एफएमआरआय स्कॅन केले, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी जास्त काम करतो ते पाहिलं. प्रेमात पडून कुणाला एक महिना झाला होता, कुणाला सतरा. त्यांना आळीपाळीने प्रिय व्यक्तीचा आणि नुसत्या ओळखीतल्या कुणाचा तरी फोटो दाखवला. प्रिय व्यक्तीचा चेहरा दिसताच मध्यमेंदूतला ‘व्हेंट्रल टेगमेंटल एरिया’ आणि ‘कॉडेट’ हे भाग जास्त सक्रिय झाले. डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणारी ही यंत्रणा आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीकडे ओढते, तिच्यासाठी धडपडायला लावते.

पण त्याच गटाने २०१० मध्ये आणखी एक अभ्यास केला. जोडीदाराने नुकतंच नाकारलेल्या, तरीही त्याच्याच प्रेमात असलेल्या १५ जणांना त्यांनी स्कॅनरमध्ये घेतलं. तिथेही हाच मध्यमेंदूचा भाग सक्रिय होता. समोरून स्पष्ट नकार आला, नातं संपलं, तरी ‘हवा आहे’ हा संदेश चालूच. म्हणजे ही यंत्रणा फक्त हवेपण कळवते. तो माणूस तुमच्याशी कसा वागतो, पुढे कसा वागेल, याचा हिशेब तिच्याकडे नसतो.

आता तुमच्या मित्राच्या येण्याजाण्याकडे पाहा. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माकडांच्या डोपामिन पेशींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी एक खूण दाखवायची, मग कधी बक्षीस द्यायचं, कधी नाही. खूण दिसल्यापासून बक्षिसाच्या क्षणापर्यंत काही पेशींची हालचाल हळूहळू चढत जायची आणि ती सर्वांत जास्त असायची ती बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. नक्की मिळणार किंवा नक्की नाही, असं ठरलेलं असेल तेव्हा हा चढ दिसत नसे. माणसांतही याला जुळणारं काही दिसतं. व्हर्जिनिया विद्यापीठात ४७ विद्यार्थिनींना सांगितलं गेलं की काही मुलांनी तुमची फेसबुक प्रोफाइल पाहिली आहे. काहींना सांगितलं, ‘त्यांना तुम्ही फार आवडलात’, काहींना ‘ठीकठाक वाटलात’ आणि काहींना ‘यांपैकी कोणतंही असू शकेल’. ती मुलं सर्वांत जास्त आवडली तिसऱ्या गटाला, आणि त्या मुलांचे विचारही याच गटातल्या मुलींच्या मनात जास्त घोळत राहिले. हा अभ्यास २०११ चा.

आठ-दहा दिवस भरभरून बोलणं, मग शांतता, मग अचानक पुन्हा ‘जागी आहेस का?’. तो हे मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. त्याला स्वतःलाच काही उमगत नसेल. पण परिणाम तोच होतो. तुमच्या मेंदूला कायम निम्म्या-निम्म्या शक्यतेवर ठेवलं गेलं आहे, आणि त्या अवस्थेत कुणाचीही धडधड वाढेल. म्हणून ‘तो मला इतका हवासा का वाटतो?’ याचं निदान अर्धं उत्तर त्याच्या स्वभावात नसून त्याच्या अनिश्चिततेत आहे. माणूस आणि त्याची अनिश्चितता वेगळी करून पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दलचं प्रेम किती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

स्थळ आल्यापासून हे वाढलं, असं तुम्ही लिहिता, आणि ते वाढणं म्हणजे प्रेमाचा पुरावा समजता. व्हँकूव्हरजवळच्या कॅपिलानो नदीवर सुमारे २३० फूट उंचीचा एक झुलता पूल आहे. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी तो ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीकरवी प्रश्नावली दिली आणि सोबत तिचा फोन नंबर दिला. हेच त्यांनी जवळच्या एका कमी उंचीच्या, भक्कम पुलावरही केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. भीतीने वाढलेल्या ठोक्यांचं श्रेय काहींनी समोरच्या तरुणीला दिलं असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो. तुमच्या छातीतही सध्या बरंच काही एकत्र आहे: महिनाभराची मुदत, घरच्यांपासून लपवलेलं बोलणं, अपुरी झोप, आणि हातातून काहीतरी निसटेल ही धास्ती. या सगळ्याचे ठोके एकाच नावावर जमा होत आहेत, असं मला वाटतं.

याचा अर्थ मित्र वाईट किंवा तुमचं प्रेम खोटं, असा मुळीच नाही. ते तपासून पाहायला हवं, इतकंच. त्यासाठी एकदा, एकदाच, त्याला थेट विचारा. रात्रीच्या चॅटवर नको. दिवसा भेटून, ते शक्य नसेल तर फोनवर. शब्द साधे ठेवा: ‘मला तुझ्याबद्दल मैत्रीच्या पलीकडे वाटतं. घरी लग्नाचं चाललंय. तुला माझ्यासोबत पुढे जायचंय का? पुढच्या रविवारपर्यंत हो किंवा नाही सांग.’ सात दिवस पुरेसे आहेत. ‘बघू’, ‘तू घाई करतेस’, किंवा नुसतं मौन, या तिन्हींचा अर्थ ‘नाही’ असाच धरा. त्याच्या मनात खरंच काय आहे याचा कीस काढत बसू नका. यात सर्वांत जास्त चूक होते ती इथे: प्रश्न विचारल्यावर समोरचा अचानक पूर्वीपेक्षा गोड वागू लागतो, रोज फोन करतो, पण मूळ प्रश्नाला उत्तर देत नाही. तो गोडवा म्हणजे उत्तर नव्हे. आणि तो ‘हो’ म्हणाला तर त्यामागे कृती दिसली पाहिजे. पंधरा दिवसांत प्रत्यक्ष भेट, आणि महिनाभरात त्याच्या घरी तुमचं नाव.

उत्तर ‘नाही’ आलं तर सहा आठवड्यांचं पूर्ण अंतर ठेवा. फोनमध्ये चॅट आर्काइव्ह करा, त्याच्या नोटिफिकेशन बंद करा, स्टेटस म्यूट करा, रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. हे बारीकसारीक वाटेल, पण त्यामागे कारण आहे. एखादी खूण बक्षिसाच्या आधी नेहमी दिसत असेल, तर काही काळाने डोपामिन पेशी बक्षिसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. तुमच्यासाठी त्याचा मेसेज टोनच खूण झाला आहे. मेसेज वाचायच्या आधीच छाती धडधडते ती म्हणून. पहिले आठ-पंधरा दिवस ओढ कमी होण्याऐवजी वाढू शकते. तेव्हा ‘हे जमत नाही, म्हणजे हेच खरं प्रेम’ असा निष्कर्ष काढू नका. हक्काचं काही अचानक थांबलं की सुरुवातीला मागणी अनेकदा वाढते. बाराव्या दिवशी ‘फक्त एकदा खुशाली’ म्हणून उत्तर दिलंत तर निम्म्या-निम्म्या शक्यतेचा तोच खेळ पुन्हा सुरू होईल.

त्याचा विचारच करायचा नाही, असं मात्र ठरवू नका. डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. लोकांना ते जमलं नाही, आणि नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल जास्तच आठवू लागलं. त्याऐवजी दुसरा मार्ग आहे. प्रेमभंग झालेल्या २४ जणांवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात, माजी जोडीदाराच्या खटकणाऱ्या गोष्टींचा जाणूनबुजून विचार केल्यावर प्रेमाची तीव्रता कमी झाली, पण मन खट्टू झालं. दुसऱ्या आवडत्या गोष्टीत मन गुंतवल्यावर मन बरं झालं, पण प्रेम कमी झालं नाही. दोन्हींचा उपयोग करून घ्या. संध्याकाळी दहा मिनिटं वहीत लिहा: तो कधी गायब झाला, तेव्हा तुमचं काय अडलं, तुम्ही आजारी असताना त्याने विचारलं का. मग वही मिटा आणि लगेच हातपाय हलतील, डोकं गुंतेल असं काही करा. झोपायच्या तोंडावर ही वही उघडू नका. लिहून उदास वाटलं तर घाबरू नका, ते अपेक्षितच आहे.

आता दुसऱ्या मुलाकडे येऊ.

‘आतून काही होत नाही’ या एकाच वाक्यात लोक तीन निरनिराळ्या अवस्था कोंबतात. पहिली म्हणजे अवघडलेपण. आपल्याला कुणीतरी पारखतंय या जाणिवेने सगळं आखडून जातं. दुसरी म्हणजे सपाटपणा. वाईट काही नाही, ओढही नाही. तिसरी म्हणजे नकोसं वाटणं. त्याचा गंध, आवाज, जवळ बसणं सहन होत नाही, किंवा त्याची भीती वाटते, किंवा मनात तुच्छता येते. तिसरी असेल तर तिथेच थांबा. ‘सवय होईल’ म्हणून त्यावर लग्न उभं करू नका, घरच्यांनी कितीही समजावलं तरी. पण पत्रात तुम्ही ‘वेळ बरा जातो’ असं लिहिलं आहे. त्यामुळे तुमचं प्रकरण पहिल्या आणि दुसऱ्या अवस्थेच्या मध्ये कुठेतरी असावं. या दोन अवस्था वेळ आणि प्रसंग बदलले की बदलू शकतात. बदलतीलच असं नाही.

तीन भेटींत काय घडलं असेल? एक घरच्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन, दोन कॉफी शॉपमध्ये तास-दीड तास, पगार आणि अपेक्षा यांबद्दल. मुलाखतीत कुणाचं कुणाकडे मन ओढ घेत नाही. शिवाय कागदावरून जोडी जमेल का, हे आधी ओळखता येतं हा समजही तपासून झाला आहे. २०१७ मध्ये समांथा जोएल आणि सहकाऱ्यांनी ‘स्पीड डेटिंग’ला, म्हणजे एकामागून एक अनेकांना काही मिनिटं भेटण्याच्या कार्यक्रमाला, आलेल्या लोकांकडून भेटीआधीच स्वभाव, आवडी, अपेक्षा अशा शंभराहून जास्त गोष्टींची माहिती घेतली आणि ती संगणकाला दिली. एकूण कोण जास्त लोकांना आवडेल, हे त्यातून थोडंफार सांगता आलं. पण नेमकं कुणाला कोण विशेष आवडेल, ते सांगता आलं नाही. बायोडेटा आणि पत्रिका यांच्याकडून आपण हेच मागतो. दोघांमध्ये जे घडायचं ते एकत्र असतानाच घडतं.

म्हणून मुदत वाढवून घ्या आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत पाच-सहा भेटी ठेवा. प्रत्येक भेट दोन-तीन तासांची, आणि जागा निरनिराळ्या. एकदा पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून या. एकदा दोघांनी मिळून काहीतरी रांधा किंवा दुरुस्त करा, जिथे काहीतरी बिघडण्याची शक्यता आहे. मीठ जास्त पडल्यावर माणूस कसा वागतो, हे कॉफी शॉपमध्ये कळत नाही. एकदा त्याच्या मित्रमंडळींत जा, एकदा त्याला तुमच्यात आणा. ॲरन यांच्याच २००० सालच्या प्रयोगांत, फक्त सात मिनिटं एकत्र काहीतरी नवं आणि हालचालीचं केल्यावर जोडप्यांना आपलं नातं अधिक चांगलं वाटू लागलं होतं. ती आधीपासूनचीच जोडपी होती, हे ध्यानात ठेवा. आणि पुलाचा प्रयोगही विसरू नका. चढणीने वाढलेले ठोके उसने असतात. भेटीच्या दिवशीच काही ठरवू नका, दोन दिवसांनी पाहा.

एक भेट बोलण्यासाठी राखून ठेवा. १९९७ मध्ये ॲरन यांनी अनोळखी लोकांच्या जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते, तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जास्त खासगी, एकूण ४५ मिनिटं. यातून जवळीक वाढली. प्रेम जुळवणं हा त्याचा हेतू नव्हता, पण पायरीपायरीने उघडत जाण्याची पद्धत उपयोगी आहे. सुरुवात ‘गेल्या वर्षात कशाचा सर्वांत जास्त आनंद झाला?’ अशा प्रश्नांनी करा, मग ‘घरातली कोणती गोष्ट तुला आपल्या संसारात नको आहे?’, आणि शेवटी ‘कोणाजवळ कधी रडलायस?’. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. हे फसतं ते एकानेच विचारत राहिल्यावर, किंवा पहिल्या दहा मिनिटांत शेवटच्या टप्प्यावर उडी मारल्यावर.

भेटीनंतर दोन दिवसांनी तीन गोष्टी टिपा. त्याच्यासमोर मी जास्त मोकळी होते की कमी? मधल्या दिवसांत काही घडलं तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं का? आणि तिसरी, जी आपल्या घरांत कुणी मुलीला विचारत नाही: त्याच्या जवळ बसावं, हात धरावा, असं कुतूहल वाटलं का? याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या. लग्नात स्पर्श असणार आहे, आणि त्याचा विचार साखरपुड्याआधी करण्यात गैर काहीच नाही. पहिल्या भेटीत कुतूहल शून्य, चौथीत थोडं, सहावीत आणखी थोडं, असं दिसलं तर ते पुरेसं आशादायक आहे. सहा भेटींनंतरही ते शून्यच राहिलं, किंवा भेट टळली की सुटल्यासारखं वाटत असेल, तर तेही उत्तरच आहे. यात धडधड मोजायची नाही. नैराश्य किंवा चिंतेवरची काही औषधं चालू असतील तर त्यांनी शरीराची इच्छा मंदावू शकते, तेव्हा डॉक्टरांशी बोला. औषध मात्र मनाने बंद करू नका.

आईचं ‘आपोआप’ही तपासू. त्याच्या बाजूने बहुतेक वेळा १९८२ चा जयपूरचा अभ्यास पुढे केला जातो. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी ५० जोडप्यांना प्रश्नावली दिली. प्रेमविवाहांत प्रेमाचे मार्क सुरुवातीला जास्त आणि पाच वर्षांनंतर कमी, तर ठरवून केलेल्या लग्नांत उलट, असं दिसलं. पण तीच जोडपी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. लग्नाला कमी-जास्त वर्षं झालेल्या निरनिराळ्या जोडप्यांची ती तुलना होती, आणि संख्याही लहान. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या ५८ भारतीयांवर झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेम, समाधान, बांधिलकी यांत फरक आढळला नाही. तेव्हा आई आणि मैत्रीण, दोघींनीही आपलं म्हणणं जरा जास्त ताणलं आहे. आपोआप काहीच होत नाही. एकत्र वेळ, स्पर्श, अडचणीत धावून येणं यांतून जवळीक घडते, आणि ती घडवायची दोघांची तयारी असावी लागते. उलट, धडधड असली म्हणजे नातं टिकेल, असंही नाही.

स्थिर नातं म्हणजे ओढ कायमची गेली, हेही गृहीत धरू नका. बियांका असेवेडो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लग्नाला सरासरी २१ वर्षं झालेल्या १७ जणांचे स्कॅन केले. जोडीदाराचा फोटो पाहिल्यावर त्यांचाही तोच व्हेंट्रल टेगमेंटल एरिया सक्रिय झाला. आपण अजूनही जोडीदाराच्या मनापासून प्रेमात आहोत, असं सांगणाऱ्यांनाच मुळात निवडलं होतं, त्यामुळे हे सगळ्यांच्या वाट्याला येतं असा दावा करता येणार नाही. पण ते शक्य आहे, एवढं नक्की.

आता फसवणुकीचा तुमचा प्रश्न. धडधड नसताना, समजून-उमजून, ओढ वाढेल अशी चिन्हं दिसल्यावर होकार देणं ही फसवणूक नाही. मित्राशी चॅट चालू ठेवून होकार देणं ही आहे. मित्राला विसरण्याचं औषध म्हणून या मुलाकडे पाहणं हीसुद्धा आहे. त्याला सगळा तपशील सांगायची गरज नाही, पण होकाराआधी इतकं सांगा: ‘एका जुन्या गुंत्यातून मी बाहेर पडतेय. तुला भेटायला मला आवडतं, पण निर्णयाला मला दोन महिने हवेत.’ तो थांबायचं नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. आईला मित्राबद्दल सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मुदतीबद्दल मात्र ठाम राहा: ‘आई, मी नाही म्हणत नाहीये. मला त्याला नीट ओळखून हो म्हणायचंय.’

मुलग्यांचीही अशी पत्रं येतात, फक्त गायब होणारी मैत्रीण असते. त्यांनाही हेच लागू आहे. भूक, झोप, काम हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त विस्कटलेलं असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर सहा आठवडे वाट पाहू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

दोन महिन्यांनी उत्तर ‘नाही’ आलं, तर ते मध्यस्थाकरवी किंवा ‘पत्रिका जुळत नाही’ अशा सबबीआड कळवू नका. स्वतः फोन करा, पाच मिनिटांत सांगा, त्याच्यात उणीव काढू नका, आणि ‘मैत्री ठेवूया’ म्हणून दार किलकिलं सोडू नका. अर्धवट उघड्या दाराने माणसाचं काय होतं, ते तुम्ही सध्या अनुभवताच आहात.